क्थुलूचे हसे कोणी केले?

1 मार्च 1925. अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरात एका वृद्ध प्राध्यापकाच्या दारात हेन्री विल्कॉक्स नावाचा तरुण येऊन उभा राहतो. हातात मातीचे उठावशिल्प, तेही अजून ओले. रात्री त्याला एका अवाढव्य, कललेल्या भिंतींच्या शहराचे स्वप्न पडले. जाग आली तेव्हा तो झोपेच्या कपड्यांतच, थंडीने कुडकुडत, ही माती घडवत बसला होता. शिल्पात नेमके काय आहे हे सांगताना निवेदकाची तारांबळ उडते. थोडा ऑक्टोपस, थोडा ड्रॅगन आणि थोडे माणसाचे व्यंगचित्र, एवढ्यावर तो कसाबसा निभावून नेतो. हॉवर्ड फिलिप्स लव्हक्राफ्टच्या ‘द कॉल ऑफ क्थुलू’ या कथेतला हा प्रसंग. 1926मध्ये लिहिलेली ही कथा एकदा साभार परत आली आणि अखेर फेब्रुवारी 1928च्या ‘वीअर्ड टेल्स’ मासिकात छापली गेली. समुद्राच्या तळाशी बुडालेल्या नगरात झोपलेल्या आणि माणसाला खिजगणतीतही न धरणाऱ्या क्थुलूचे वाचकाला दिसणारे पहिले चित्र एका कलाशाळेच्या विद्यार्थ्याने केलेले आहे. कोणी सांगितले नव्हते, कोणी पैसे देणार नव्हते, पण डोक्यातून जाईना म्हणून त्याने ते केले. आज ज्याला ‘फॅन आर्ट’ म्हणतात, त्याचे वर्णन याहून फार वेगळे करता येणार नाही. आणि ‘व्यंगचित्र’ हा शब्द माझ्या पदरचा नाही, लव्हक्राफ्टने स्वतः वापरलेला आहे.

हे आधी सांगण्याचे कारण म्हणजे एक नेहमीची तक्रार. क्थुलूची मऊ कापडी बाहुली मिळते, त्याच्या तोंडाच्या सपाता मिळतात, नाताळच्या गाण्यांच्या चालीवर त्याची भजने होतात, अमेरिकेत निवडणूक आली की त्याच्या उमेदवारीची पत्रके निघतात. कॉस्मिक हॉरर, म्हणजे अफाट विश्वापुढे माणूस कवडीमोल आहे या जाणिवेतून येणारे भय, ही गंभीर गोष्ट होती आणि चाहत्यांनी तिचा पोरखेळ केला, असे जाणकार वाचक वैतागून म्हणतात. या तक्रारीत एक क्रम गृहीत धरलेला आहे. आधी गांभीर्य होते, मग थट्टा आली. कागदपत्रे पाहिली तर हा क्रम बराचसा उलटा निघतो. थट्टा मुळात कारखान्यातच होती आणि सोवळे नंतर नेसवले गेले.

लव्हक्राफ्ट 1890चा. शाळा अर्धवट सुटलेला, आईच्या छायेत वाढलेला, घरकोंबडा म्हणावा असा. त्याला माणसांत आणले ते हौशी पत्रकारितेने. 1914मध्ये तो युनायटेड अमॅच्युअर प्रेस असोसिएशनचा सभासद झाला. या संस्थांचे सभासद स्वतःची चार-आठ पानी मासिके छापून एकमेकांना टपालाने पाठवत. कविता, टीका, टीकेला उत्तर, उत्तराची खिल्ली असा तो मामला. 1915पासून लव्हक्राफ्टचेही ‘द कॉन्झर्वेटिव्ह’ नावाचे पत्र निघू लागले. त्याच्या भयकथेला पहिल्यांदा बऱ्यापैकी नियमित पैसे मिळाले तेही याच गोतावळ्यातून. जॉर्ज ज्युलियन हाउटन या हौशी पत्रकाराने 1922मध्ये ‘होम ब्रू’ मासिक काढले आणि मेलेली माणसे जिवंत करणाऱ्या हर्बर्ट वेस्टची गोष्ट लव्हक्राफ्टने त्याच्यासाठी सहा हप्त्यांत लिहिली, हप्त्याला पाच डॉलर. ‘होम ब्रू’ हे विनोदी मासिक होते. प्रत्येक हप्त्याला प्रेतांचा नवा धिंगाणा हवा असे, आणि सहावा हप्ता येईपर्यंत भीषणाचा पार तमाशा झालेला दिसतो. लव्हक्राफ्ट पुढे या कामाला नावे ठेवत असे, हे खरे. पण 1985मध्ये स्टुअर्ट गॉर्डनने त्यावर ‘री-अॅनिमेटर’ हा रक्तबंबाळ विनोदी चित्रपट काढला, तेव्हा त्याने मूळ गोष्टीवर काही लादले असे म्हणता येत नाही.

‘नेक्रोनॉमिकॉन’चेही तसेच. अब्दुल अल्हझ्रेद नावाच्या वेड्या अरबाने लिहिलेला हा शापित ग्रंथ अनेकांना आजही खरा वाटतो. अल्हझ्रेद हे नाव लव्हक्राफ्टने लहानपणी, अरबी सुरस कथांनी भारावून जाऊन, खेळात स्वतःला घेतलेले. 1927मध्ये त्याने या नसलेल्या ग्रंथाचा इतिहास लिहिला, तो अगदी ग्रंथपालाच्या थाटात: ग्रीक भाषांतर कधी झाले, लॅटिन कधी, कोणत्या पोपने कोणत्या साली बंदी घातली. अल्हझ्रेदचा अंतही टिपून ठेवला आहे. दमास्कसच्या भर रस्त्यात, दिवसाढवळ्या, एका अदृश्य प्राण्याने त्याला खाऊन टाकले. ओठ मुडपून सांगितलेला विनोद याहून वेगळा काय असतो? पण त्याची पत्रे वाचताना लक्षात येते की त्याच्या लेखी हीच भयकथेची कारागिरी होती. एखादी थाप पचवायची असेल तर तपशिलांची जेवढी काळजी घ्यावी लागते तेवढी भयकथेत घ्यावी, असे त्याचे मत होते. आणि कोणी सरळ विचारले की हा ग्रंथ मिळेल कुठे, तर तो असा ग्रंथच नाही असे प्रांजळपणे कळवत असे. चाहत्यांना एवढा प्रांजळपणा झेपला नाही. त्याच्या मागे ‘नेक्रोनॉमिकॉन’च्या नावाने एकाहून अधिक पुस्तके बाजारात आली. त्यातले 1973चे एक तर न वाचता येणाऱ्या बनावट लिपीत आहे, आणि तीच ती पाने पुन्हा पुन्हा येतात.

1934चा मे महिना या साऱ्या इतिहासात मला सर्वांत बोलका वाटतो. त्रेचाळीस वर्षांचा लव्हक्राफ्ट फ्लोरिडात रॉबर्ट बार्लो या चाहत्याकडे मुक्कामाला गेला होता. बार्लोला सोळा वर्षे पूर्ण व्हायला थोडे दिवस होते. 11 मे रोजी लव्हक्राफ्टने त्याला क्थुलूच्या मूर्तीचे रेखाटन करून दिले. मूर्ती चौथऱ्यावर उकिडवी बसलेली, तोंडाशी सोंडांचा झुबका, पाठीला तोकडे पंख, आणि दिसणाऱ्या बाजूला एकाऐवजी तीन डोळे. चित्रकार म्हणून लव्हक्राफ्ट बेताचाच. रेघ अडखळते, मूर्ती भयंकर दिसण्याऐवजी शाळेतल्या बाकावर कंटाळून बसलेल्या पोरासारखी दिसते. शब्दांत मावणार नाही असे ज्याचे वर्णन केले, ते त्याच्याच हाताने वहीच्या कागदात सहज मावले. त्याच मुक्कामात दोघांनी मिळून ‘द बॅटल दॅट एंडेड द सेंच्युरी’ हे चोपडे लिहिले. 2001च्या आदल्या रात्री दोन मुष्टियोद्ध्यांची लढत आहे आणि आपल्या साऱ्या साहित्यिक दोस्तांची नावे पिरगाळून त्यांना त्यात प्रेक्षक किंवा पंच केले आहे. फ्रँक बेल्कनॅप लाँग या मित्राचे झाले फ्रँक चाइमस्लीप शॉर्ट, म्हणजे लांब्यांचे आखूडकर करावे तसे. ‘बेल’ आणि ‘नॅप’ यांचेही त्यात काय झाले ते पाहण्याजोगे आहे. चक्रमुद्रित प्रती वॉशिंग्टनहून टपालात टाकल्या, कारण फ्लोरिडाचा शिक्का पाहून लेखक ओळखू आले असते.

पुढच्या वर्षी रॉबर्ट ब्लॉकची पाळी. पुढे ‘सायको’ कादंबरी लिहिणारा ब्लॉक तेव्हा अठरा वर्षांचा होता. त्याच्या कथेत लव्हक्राफ्टसारखाच एक गृहस्थ मरतो. संपादकाला संमती हवी, म्हणून ब्लॉकने ती मागितली. लव्हक्राफ्टने 30 एप्रिल 1935 रोजी रीतसर दस्तऐवजाच्या भाषेत परवानगी दिली: ठार मारावे, विघटन करावे, हवे ते करावे. खाली साक्षीदार म्हणून अब्दुल अल्हझ्रेद आणि त्याच्यासारख्याच न जन्मलेल्या मंडळींच्या सह्या. ब्लॉकची कथा सप्टेंबरमध्ये आली. लव्हक्राफ्टने नोव्हेंबरमध्ये परतफेड म्हणून ‘द हाँटर ऑफ द डार्क’ लिहिली. तिच्यात रॉबर्ट ब्लेक नावाचा तरुण लेखक मरतो, आणि कथेत दिलेला त्याचा मिलवॉकीचा पत्ता ब्लॉकच्या खऱ्या घराचा आहे. गंमत अशी, की ही लव्हक्राफ्टच्या उत्तम भयकथांपैकी एक मानली जाते. अंधारलेल्या चर्चच्या मनोऱ्यात काहीतरी हलते तेव्हा मागचा विनोद ठाऊक असलेल्या वाचकाच्याही अंगावर काटा येतो. आपल्या सगळ्या देवदानव-प्रकरणाला लव्हक्राफ्टने दिलेले नावही चेष्टेचेच होते: ‘योग-सोथोथरी’. मराठीत म्हणायचे तर योगसोथोथगिरी.

यावर असे म्हणता येईल की हा घरातला विनोद होता. मित्रांच्या पत्रांत चाललेली थट्टा एक, आणि दुकानात टांगलेली कापडी बाहुली दुसरी. आक्षेप रास्त आहे, पण त्यातून थट्टा उपरी ठरत नाही, फक्त ती घराबाहेर कधी पडली एवढाच प्रश्न उरतो. 1937मध्ये लव्हक्राफ्ट आतड्याच्या कर्करोगाने गेला. त्याच्या कथा विस्मरणात जाऊ नयेत म्हणून ऑगस्ट डर्लेथ आणि डोनाल्ड वँड्री यांनी 1939मध्ये विस्कॉन्सिनमधल्या सॉक सिटीत ‘अर्कहॅम हाउस’ ही प्रकाशनसंस्था काढली. पहिल्या संग्रहाच्या 1268 प्रती छापल्या, किंमत पाच डॉलर, आणि त्या खपायला काही वर्षे लागली. डर्लेथचे उपकार मोठे आहेत. पण योगसोथोथगिरीचे शास्त्र झाले ते त्याच्याच हातून. सत्शक्ती आणि दुष्टशक्ती यांचा झगडा, प्रत्येक दैवताला चार महाभूतांपैकी एकेक खाते, असा हिशेब त्याने लावला. लव्हक्राफ्टच्या विश्वात सत् आणि असत् दोन्ही नाहीत. तिथे फक्त बेफिकिरी आहे. 1945मध्ये एडमंड विल्सनने ‘द न्यूयॉर्कर’मध्ये लव्हक्राफ्टची भरपूर टर उडवली, त्यानंतर तर भक्तांना सोवळे पाळण्याशिवाय गत्यंतर उरले नसावे. मूळ खोडकरपणा या काळात चाहत्यांच्या हस्तपत्रिकांत तग धरून राहिला. ‘द सॅटेलाइट’ या ब्रिटिश पत्रिकेत 1940मध्ये एका तरुणाने ‘अॅट द माउंटन्स ऑफ मॅडनेस’चे विडंबन केले. अंटार्क्टिकाच्या भयाण पर्वतांत स्टीफन लीकॉकचा विनोद सोडून दिला तर काय होईल, असा तो प्रयोग. तरुणाचे नाव आर्थर सी. क्लार्क.

मोठे वळण आले 1981मध्ये. केऑसियम या कंपनीने सँडी पीटरसनने रचलेला ‘कॉल ऑफ क्थुलू’ हा टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ काढला. त्यात खेळाडूच्या पात्राला शक्ती, चपळाई यांच्याबरोबर शहाणपणाचेही गुण असतात. काही अमानुष दिसले की फासे टाकायचे आणि तेवढे शहाणपण वजा करायचे. खुद्द क्थुलू दिसला आणि पहिली फेक फसली तर शंभरापर्यंतचा फासा टाकावा लागतो, म्हणजे बहुतेकांचा कारभार तिथेच आटोपतो. विश्वभयाला खतावणीत बसवण्याची ही कल्पना भन्नाट आहे. चार मित्र टेबलाभोवती बसलेत, एकाचे पात्र वेडे होऊन टेबलाखाली लपले आहे आणि उरलेले हसून लोळतायत, हे दृश्य या खेळाने घरोघर नेले. याच मंडळींतून एच. पी. लव्हक्राफ्ट हिस्टॉरिकल सोसायटी 1986मध्ये उभी राहिली. तिने ‘फिडलर ऑन द रूफ’च्या चालींवर ‘अ शॉगथ ऑन द रूफ’ ही संगीतिका आणली. हक्कांच्या भानगडीत तिचे प्रयोग अडकले, आणि लेखकाचे नाव कायदेशीर कारणांस्तव उच्चारता येत नाही, असे तिच्यावर छापून आले. लव्हक्राफ्टला हे आवडले असते. याच सोसायटीने 2005मध्ये ‘द कॉल ऑफ क्थुलू’वर 1920च्या दशकात शोभेल असा मूकपट काढला, आणि त्यात थट्टेचा लवलेश नाही. ज्यांनी सर्वांत जास्त टवाळी केली त्यांनीच सर्वांत निष्ठेने कथा पडद्यावर नेली, याचे मला नवल वाटत नाही. मुळाक्षरापासून पाठ असल्याशिवाय विडंबन जमत नाही, हे ‘झेंडूची फुले’ वाचलेल्यांना वेगळे सांगायला नको. 1994मध्ये पीटर कॅननने लव्हक्राफ्टचे भूतविश्व थेट वुडहाउसच्या जीव्हजच्या हवाली केले, त्यालाही दोन्ही लेखकांची वाक्ये कानात असावी लागतात.

आता मुख्य आक्षेप: हसले की भीती मरते. काही बाबतींत मरते, मान्य. कापडी बाहुलीत प्रमाणच उलटे होते. जो पर्वताएवढा आणि बेफिकीर, तो वीतभर आणि लाडका होतो, मग मागे फक्त आकार उरतो. पण निवडणुकीचा विनोद घ्या. दोघांतला कमी वाईट कशाला निवडता, सर्वांत वाईटच घ्या, असे सांगणारी घोषणा हसवते कारण उमेदवार निवडून आला तर मतदारांना खरोखर खाईल. फ्रान्स्वा लोनेच्या ‘द अनस्पीकेबल व्हॉल्ट’ या चित्रमालिकेतला गुबगुबीत क्थुलू भक्तांना ज्या सहजतेने गिळतो, त्यातही मूळ प्रमाण शाबूत आहे. माणूस इथे खाऊ आहे, त्याहून अधिक काही नाही. उलट गंभीरपणे काढलेल्या कितीतरी चित्रपटांत शेवटी एक नायक राक्षसाला मारतो आणि सकाळ होते. विश्वाला माणसाची पर्वा नाही हे लव्हक्राफ्टचे सूत्र तिथे जास्त मोडते. शिवाय वर्णनच होऊ शकत नाही अशा वस्तूचे चित्र काढायला बसले की फजिती ठरलेली. व्यंगचित्रकार ती फजिती लपवत नाही, एवढाच फरक.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि त्याच्यापुढे माझा युक्तिवाद तोकडा पडतो. लव्हक्राफ्टचे भय केवळ ताऱ्यांतून आलेले नव्हते. न्यूयॉर्कमधल्या परदेशी वस्त्यांचा, काळ्या माणसांचा, संकरित रक्ताचा त्याला किळसवाणा तिटकारा होता आणि ‘द हॉरर अॅट रेड हुक’सारख्या कथांत तो उघडा पडतो. ‘कॉल ऑफ क्थुलू’मधले पूजकही बहुतेक असेच ‘मिश्र रक्ताचे’ खलाशी आहेत. सोंडांच्या गोंडस चित्रांनी हे झाकून टाकले. वर्ल्ड फँटसी पुरस्कार 1975पासून देतात आणि त्याचे मानचिन्ह म्हणजे लव्हक्राफ्टचा लांबुडका अर्धपुतळा होता. घडवला होता गॅहन विल्सन या व्यंगचित्रकाराने. चाहत्यांच्या प्रेमळ थट्टेचा तो नमुनाच. 2011मध्ये हा पुरस्कार मिळालेल्या नायजेरियन-अमेरिकन लेखिका नेडी ओकोराफोर यांनी विचारले की हे डोके माझ्या घरात कशाला? 2015मध्ये ते बंद झाले. निषेध म्हणून आपले दोन पुरस्कार परत केले ते सुनंद त्र्यंबक जोशी यांनी. जन्म पुण्यातला, 1958चा. बालपणी अमेरिकेत गेले, आणि लव्हक्राफ्टच्या संहिता शुद्ध करून त्याचे दोन खंडी चरित्र लिहिणारा आजचा सर्वांत मोठा अभ्यासक म्हणजे हेच जोशी. त्यांचे ऋण मान्य करूनही या वादात त्यांची बाजू मला पटत नाही. लव्हक्राफ्ट वाचणे वेगळे आणि ज्यांना तो माणसांत मोजत नव्हता त्यांच्या हातात त्याचे डोके बक्षीस म्हणून देणे वेगळे. विनोद इथे खरोखरच चुकला होता.

मराठीत हे वारे भीतीच्या वाटेने आले, थट्टेच्या नव्हे. एका नावाचा प्रवास पाहा. हास्तुर हा अँब्रोझ बिअर्सच्या 1891च्या कथेत मेंढपाळांचा सौम्य देव होता. रॉबर्ट चेंबर्सने 1895मध्ये ते नाव उचलले, 1931मध्ये लव्हक्राफ्टने एका यादीत ओझरते टाकले, डर्लेथने त्याला राक्षस केले आणि स्टीफन किंगच्या 1984च्या ‘ग्रॅमा’ कथेत अंथरुणाला खिळलेली आजी त्याचा धावा करते. नारायण धारपांची ‘आजी’ त्या कथेवर बेतलेली. राही बर्वे यांच्या ‘तुंबाड’ला (2018) धारपांच्या त्या आजीने बीज पुरवले. तिथे कोकणातल्या वाड्यात साखळ्यांना जखडलेली म्हातारी आहे आणि विहिरीखाली हस्तर. नावातले साम्य उघड आहे. सोन्याचा आणि धान्याचा लोभी हस्तर कणकेच्या बाहुलीला भुलतो, हे मात्र पूर्णपणे इथले आहे. मेंढपाळांच्या देवाला कणीक खायला घालण्यात जो मिस्कीलपणा आहे तो पाहता, थट्टा अगदीच मागे राहिली असेही म्हणवत नाही.

सर्वांत ताजे चित्र 2022च्या शेवटचे. संगणकाशी गप्पा मारण्याचे वेड पसरले त्याच सुमारास कोणीतरी ‘अॅट द माउंटन्स ऑफ मॅडनेस’मधला शॉगथ काढला: असंख्य डोळ्यांचा गोळा, आणि पुढे केलेल्या एका सोंडेवर हसऱ्या चेहऱ्याचा पिवळा मुखवटा. कादंबरीतले शॉगथ हे मालकांनी राबवायला घडवलेले, मालकांची नक्कल करायला शिकलेले आणि अखेर उलटलेले जीव. अशी यंत्रे बनवणाऱ्यांमध्येच हे चित्र सर्वाधिक फिरले.

विल्कॉक्स काल्पनिक होता. तो राहत असे ती इमारत मात्र खरी आहे: 7, थॉमस स्ट्रीट, फ्लर-द-ली. 1885मध्ये सिडनी बर्ली या चित्रकाराने ती बांधवून घेतली. लव्हक्राफ्टला ती भयंकर भडक वाटे आणि कथेत तिची टवाळी करायला तो चुकला नाही. प्रॉव्हिडन्स आर्ट क्लबच्या ताब्यातल्या या इमारतीत आजही चित्रकारांचे स्टुडिओ आहेत.